अंगठ्यावरचं नाव

७ जुलै

अंगठा तुला दिलाय तिनं. हाताचं सगळ्यात जाड बोट, आणि ते तुझ्या नावावर. सकाळी तिची वेणी मी घालते, पायमोज्यांची भोकं मी बुजवते, ताप आला की कपाळावर ओल्या घड्या मी ठेवते, आणि अंगठा मात्र तुझा. तुला तिनं फक्त फोटोत पाहिलंय. फोटोत सगळेच चांगले दिसतात.

आता नमस्कार-चमत्कार. आशीर्वाद पाठवला असता, पण माझं काही तुला लागत नाही, तेव्हा तो इथंच ठेवते. माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. तू पुस्तकं पाठवलीस त्या खोक्यावर होता. खोकी फेकायचं काम ह्या घरात माझ्याकडेच आहे.

काय झालं ते सांगते, नाहीतर म्हणशील म्हातारीला भ्रम झाला. तुझ्या भाचीच्या शाळेत एक नवीन बाई आल्यात. शिकवत काहीच नाहीत. मुलांचं ऐकायचं, एवढंच त्यांचं काम. खरंच सांगते, ऐकण्याचा पगार घेतात. मी त्यांना ऐकणाऱ्या बाई म्हणते. त्या परवा आपल्या पुढच्या खोलीत आल्या, माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि कागदांचा एक गठ्ठा पुढ्यात ठेवला. चौथीच्या वर्गातल्या अडतीस मुलांनी कागदावर पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवलेली. एकेका बोटावर एकेका माणसाचं नाव. कुणी त्रास दिला, मारलं, हसलं, मनात भीती बसली, तर ज्याला सांगावंसं वाटेल त्याचं नाव. सगळ्यात आधी ज्याला सांगावं वाटेल, तो अंगठ्यावर.

मी त्या पंजांवरून कापड कापायचं, आत कापूस भरायचा, बोटांवर नावं शिवायची, आणि मागं छोटा खिसा लावायचा. खिशात त्या माणसांच्या नंबरांची चिठ्ठी. हात वर्गातल्या भिंतीवर राहणार. ज्याला काही सांगायचंय त्या पोरानं आपला हात काढायचा आणि ऐकणाऱ्या बाईंच्या दारावरच्या आकड्याला अडकवायचा. तोंड उघडायची गरज नाही. मग शाळा अंगठ्यावरच्या माणसाला बोलावते आणि पोर त्याच्यासमोर बोलतं.

मी विचारलं, "आणि अंगठ्यावरचा माणूस लांब राहत असला तर?"

"तर फोन लावतो, आजी. टेबलावर मध्ये फोन ठेवतो."

आमच्या वेळी शाळेत हात यायचा तो गालावर यायचा. असो.

बाई गेल्यावर मी गठ्ठा चाळला. अडतीसपैकी एकोणीस पंजांवर आजी आहे. त्यातल्या सहा तर अंगठ्यावर. कोपऱ्यावरच्या त्या चष्मेवाल्या म्हातारीला अंगठा मिळालाय, जी नातवाला सारखी ओरडत असते! मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या बॉबिनच्या पंजावर अंगठा 'फोनवाली आत्या'. मग आई. मग बाबा. चौथ्या बोटावर शाळेचा फाटकवाला. फाटकवाला! त्याच्या पँटची चेन मी बसवलीय, तेवढीच आमची ओळख. करंगळीवर ग्रंथालयातल्या बाई. मी कुठंच नाही. कागद उलटा करूनही पाहिला.

बॉबिन हे नाव तिला मी ठेवलं. मशीनच्या बॉबिनसारखी बारकी आणि सारखी फिरती म्हणून. ते तरी माझं आहे.

उत्तर नको.

आई


२१ जुलै

हात झाले. अडतीस. ज्या दिवशी भिंतीवर लावले त्या दिवशी मला शाळेत बोलावून टाळ्या वाजवल्या. पोरं आपापला हात शोधून बोटं चेपून बघत होती. हात शिवणं सोपं नसतं हे तुला कळायचं नाही, तू छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका शोधतेस. दोन बोटांच्या बेचक्यात कापड गोळा होतं. तिथं कात्रीनं बारीक चिरा द्याव्या लागतात आणि एक चीर जास्त गेली की बोट मुळातून सुटतं.

हातांसोबत एक मोठा पडदाही शिवून घेतला त्यांनी माझ्याकडून. 'आमचे हक्क'. त्यावरची वाक्यं पोरांनीच चिठ्ठ्यांवर लिहून दिलीत, नाव न घालता. मला वाटलं होतं खेळायला जास्त वेळ हवा, गृहपाठ नको, असलं काही असेल. तसलंही होतं. पण चौथं वाक्य होतं, 'प्रत्येकाला आपलं बोलणं स्वतः पूर्ण करायचा हक्क आहे.' ते मी पिवळ्या दोऱ्यानं शिवलं. एकेक अक्षर माझ्या हाताखालून गेलं. कुणी लिहिलं असेल, असं ऐकणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते आम्हीही विचारत नाही, आजी."

न विचारता कळतं. आपल्या बॉबिनचा 'क' कसा असतो हे मला माहीत आहे. कंबरेत वाकलेला. त्या चिठ्ठीवर 'हक्क' लिहिताना तिनं 'क' खोडून दोनदा लिहिलाय. पण ते सोड.

एक सांगायचं राहिलं. तुझं नाव अंगठ्यावर मावलं नाही. 'फोनवाली आत्या' म्हणजे केवढी अक्षरं, आणि नऊ वर्षांच्या पोरीचा अंगठा तो केवढा. मशीनच्या टाक्याला जागा लागते. तेव्हा मी तिथं 'आजी' घातलं. दोन अक्षरं, सुटसुटीत. खिशातल्या चिठ्ठीवर नंबरही घरचा लिहिला. शाळा इथून सात मिनिटांवर आहे, मी हाकेला पोचेन. तू काय करणार, गाडीत बसेपर्यंत शाळा सुटायची.

चष्मेवाल्या म्हातारीचा नातू मधल्या बोटावर 'शेजारच्या घरातली मोठी ताई' असं लिहून बसला होता. ते मावलं. त्याचा पंजा मोठा आहे.

रविवारी चारला तुझा फोन येतो तेव्हा मी दारामागं उभी नसते. मशीनचं तेल तिथं ठेवलेलं असतं. गेल्या रविवारी तेल घ्यायला गेले तर खोलीत काही आवाजच नाही. मला वाटलं फोन बंद पडला. वाकून पाहिलं तर ती फोन कानाला लावून बसलेली. शब्द अडलेला. गाल लाल, बोटानं गुडघ्यावर रेघा मारतेय. आणि तिकडून तूही गप्प. मिनिटभर गेलं असेल. मी असते तर तेवढ्यात तिचं बोलणं संपवून, उत्तर देऊन, भाजी चिरायला बसले असते. मग तिचं वाक्य आलं. मग तुझं अडलं असावं, कारण आता ती थांबली. एका टोकाला ती अडलेली, दुसऱ्या टोकाला तू, आणि दोघींना कसलीही घाई नाही. आणि ती हसत होती. ह्या घरात ती असं हसत नाही.

फोनचं बिल तुझं तू भरतेस म्हणून चालतंय.

तिच्या शाळेच्या सदऱ्याचं तिसरं बटण पुन्हा सैल झालंय. ह्या महिन्यात तिसऱ्यांदा लावलं. दोरा पीळ बसून तुटतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या पोटात दुखतं. ओवा देते.

आई


५ ऑगस्ट

अकरा वर्षांनी आईला पत्र लिहायचं आणि त्यात दोन शब्द!

'ते उसव.'

बास. ना वर मायना, ना खाली सही. पाकिटावरच्या तिकिटाची तरी लाज बाळगायचीस. मला वाटलं आत अजून एखादा कागद चिकटला असेल म्हणून पाकीट उभं फाडून पाहिलं.

नाही उसवत. बारीक टाका घातलाय, उसवलं तर कापडाला भोकं राहतील. आणि मला सांगणारी तू कोण? मी तिला वाढवतेय. तिची आई दवाखान्याच्या धुलाईखान्यात बारा-बारा तास उभी असते, तिचा बाप दुसऱ्यांच्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतो. दुपारी दीड ते संध्याकाळी सात ती माझी असते. साडेपाच तास. तुझी आठवड्यातून वीस मिनिटं. आता सांग अंगठा कुणाचा.

तिनं काय म्हटलं म्हणून विचारशील. काही नाही म्हटलं. हात भिंतीवर लावले त्या दिवशी तिनं आपला हात काढला, अंगठ्यावरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत लावून टाकला. मी म्हटलं, "आवडला ना गं?" तर मान हलवली. मान कशीही हलते.

तेव्हापासून गृहपाठाला माझ्या मशीनजवळ बसत नाही. आत पलंगावर बसते. मशीनचा आवाज होतो म्हणे. नऊ वर्षं झाला नाही, आता व्हायला लागला. रविवारी तुझ्या फोनलाही उठली नाही, झोपल्याचं सोंग घेतलं. तुझ्या भावानं सांगितलं असेल. मला वाईट वाटलं असं तुला वाटत असेल तर तसं नाही. मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "काय सांगायचं असेल ते मला सांग, मी काय परकी आहे?" ती म्हणाली, "आजी, तू..." आणि अडली. मी म्हटलं, "चिडते? ओरडते? ऐकत नाही? काय ते बोल की पटकन." ती म्हणाली, "काही नाही." हे मात्र तिला एका दमात येतं.

तेच बटण, चौथ्यांदा.

आई


१४ ऑगस्ट

आज शाळेतून फोन आला. तिनं हात आकड्याला अडकवला होता.

मी मशीनवरचं काम तसंच टाकलं. इस्त्रीचे कपडे घातले, केस नीट केले. खोटं सांगत नाही, चष्मेवालीच्या घरावरून जरा हळूच गेले आणि तिनं विचारण्याआधीच सांगितलं, "नातीनं बोलावलंय. अंगठा आहे ना मी तिचा." फाटकवाल्यानं फाटक उघडताना म्हटलं, "तुम्ही? मला वाटलं फोन लावणार आहेत." मी म्हटलं, "तुम्ही तुमचं फाटक बघा." पँटची चेन पुन्हा अडकेल तेव्हा बघते त्याला.

ऐकणाऱ्या बाईंची खोली लहान आहे. दोन खुर्च्या, एक सतरंजी, पाण्याचा तांब्या, खिडकीला पडदा. (पडद्याची शिलाई वाकडी आहे.) बॉबिन सतरंजीवर पाठमोरी बसली होती, हात मांडीवर घेऊन, कापडाचा तो. दार वाजलं तशी वळली. तिच्या तोंडावर जे होतं ना, ते मला बघून गेलं. दिवा बंद करावा तसं. मग ती उठली, कापडी हात दप्तरात कोंबला आणि बाईंना म्हणाली, "काही नाही. चुकून अडकवला."

एका दमात. एकदाही न अडता.

बाई म्हणाल्या, "सावकाश, आपल्याला घाई नाही." आणि मी काय केलं असेल? मी तिचं उरलेलं सगळं बोलून टाकलं. म्हटलं, "तिच्या पोटात दुखतं हो बाई, भित्री आहे, लहानपणापासून तोतरी आहे ना, होईल मोठी झाली की नीट." बाई म्हणाल्या, "आजी, तो शब्द आम्ही शाळेत वापरत नाही." मी म्हटलं, "मग काय म्हणायचं?" त्या म्हणाल्या, "तिला थोडा वेळ लागतो, असं." असं म्हणायला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

येताना ती माझ्या पुढं दहा पावलं चालत होती. मी म्हटलं, "कशाला बोलावलंस मग मला?" ती थांबली. तोंड उघडलं. अडलं. मी... तू ओळखलं असशीलच. मी म्हटलं, "बरं बरं, राहू दे."

तिनं मला बोलावलंच नव्हतं गं. तिनं तुला बोलावलं होतं. नाव कापडावर बदललं म्हणून तिच्या डोक्यात कशाला बदलेल. तिला वाटलं असणार की फोन येईल, टेबलावर ठेवतील, आणि तिकडून तू गप्प बसशील.

घरी आल्यावर सदरा काढला तेव्हा तेच बटण पाचव्यांदा पीळ खाऊन लोंबत होतं. मी सुई घेऊन बसले, आणि नुसतीच बसले.

आई


२२ ऑगस्ट

शाळेतून एक अर्ज आलाय. सही करून पाठवायचा. वाचनाच्या बाईंनी लिहिलंय की मुलीला वर्गात वाचताना फार ताण येतो, बाकीच्यांचाही वेळ जातो, तर वाचनाच्या तासाला तिला ग्रंथालयात बसवावं, आणि पुढच्या सत्रापासून 'तिच्यासारख्या मुलांच्या' वेगळ्या शाळेचा विचार व्हावा. अक्षर सुंदर आहे. तुझा भाऊ म्हणाला, तिचं भलंच असेल. तुझी वहिनी दमून आली होती, म्हणाली, आई, तुम्हाला काय वाटतं?

मला काय वाटतं! तीस वर्षांपूर्वी मला कुणी विचारलं नव्हतं तरी मला वाटलंच होतं.

हे तुला ठाऊक आहे की नाही ते मला ठाऊक नाही. सगळ्यांना मी सांगत आले की तुला सातवीतून काढलं कारण शिलाईला हात हवा होता. तुलाही तेच सांगितलं. हात नको होता. तू काज करताना दर वेळी कापड फाडलंस, इतका वाईट हात मी बघितला नाही. शाळेच्या कार्यक्रमात तू कविता म्हणायला उभी राहिलीस आणि पहिल्याच शब्दाला अडलीस, आणि मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. त्यातली एक माझ्याकडून कपडे शिवून घ्यायची. मला तुझं वाईट वाटलं नाही. मला माझी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, म्हटलं नाव काढा. त्यांनी कागद पुढं केला. मला तेव्हा सही येत नव्हती. शाईच्या डबीत अंगठा बुडवून कागदावर उठवला. तू बाहेर व्हरांड्यात दप्तर घेऊन उभी होतीस, तुला कुणी आत बोलावलं नाही.

अक्षरं मी नंतर शिकले, गणवेशांवर पोरांची नावं शिवता शिवता. सुईनं शिकले. दुसऱ्यांच्या पोरांच्या नावांनी.

आणि तुझ्या भावाच्या लग्नात तू दोन शब्द बोलायला उठलीस, तेव्हा तुझं वाक्य मी पूर्ण केलं. सगळ्या मांडवासमोर. लोक हसले. मला वाटलं मी तुला वाचवलं. दुसऱ्या दिवशी तू पिशवी घेऊन गेलीस, आणि अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगतेय की पोरगी तापट आहे.

बाहेरून परीक्षा दिल्यास, छापखान्यात लागलीस, हे मला तुझ्या भावाकडून कळलं. मला आनंद झाला नाही. मी म्हटलं, बघा, माझ्याशिवाय जमलं हिला.

अर्ज मशीनच्या खणात ठेवलाय. सही नाही केली. ऐकणाऱ्या बाईंनी निरोप पाठवलाय की मुलीचं स्वतःचं म्हणणं ऐकल्याशिवाय ह्या कागदावर कुणाचीच सही चालणार नाही, असा आता नियम आहे. मंगळवारी तिला विचारणार आहेत. ती बोलली तर. ती बोलली नाही, तर मग मोठ्यांनी ठरवायचं.

आई


२४ ऑगस्ट

उसवलं.

तुझ्या सांगण्यावरून नाही. काल दुपारी तिच्या दप्तरातून तो हात मीच काढला, मशीनवर ठेवला आणि तिला हाक मारली. म्हटलं, "इकडं ये. चूक झालीय, ती दुरुस्त करायचीय. तू दोरा निवड." ती आली. लांब उभी राहिली. मी सुईच्या टोकानं एकेक टाका उचलून 'आजी' काढलं. वेळ लागला. भोकं राहिली, सांगितलं होतं तुला. मग म्हटलं, "आता नाव मावत नाही, काय करायचं?" तिनं वहीत लिहून दाखवलं: अंगठ्यावर उभं, वरून खाली लिहायचं. अडतीस हात शिवले, पण मला सुचलं नाही.

हातानं शिवायचं होतं, म्हणून मी कापड ताणायला टाचण्या लावत होते. टाचण्या मी कुठं धरते ते तुला माहीत आहे. तोंडात. सात होत्या. ओठ मिटून.

आणि ती बोलायला लागली.

पहिल्या शब्दाला अडली तेव्हा माझी जीभ वळवळली. शपथ सांगते, पूर्ण वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण टाचण्या. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले आणि कापड धरून राहिले. एक टाचणी काढून लावायची, मग पुढची. मी त्याही हळू लावल्या. तिच्या लक्षात आलं असावं. ती स्टुलावर बसली.

मंगळवारी आणि शुक्रवारी वाचनाचा तास असतो. बाईंच्या टेबलावर वाळूचं घड्याळ आहे. एकेकानं उभं राहून उतारा वाचायचा, वाळू संपायच्या आत. तिची वाळू संपते. मग बाई घड्याळ उलटं करतात. तेही संपतं. तोवर पोरं हळू आवाजात आकडे मोजायला लागतात, एक, दोन, तीन, बाई तिला म्हणतात, मोजू दे, त्यानं सवय होते. गेल्या महिन्यात सत्त्याऐंशीपर्यंत मोजलं होतं. मागच्या भिंतीवर मी शिवलेला पडदा आहे, पिवळ्या दोऱ्याचं ते चौथं वाक्य बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येतं, आणि ती ते बघत तिसरं बटण पिळत उभी असते. महिनाभर मी दोरा जाड केला, बटण दुहेरी लावलं. का तुटतं ते एकदाही विचारलं नाही.

फाटकवाला चौथ्या बोटावर का, तेही कळलं. मधल्या सुट्टीत ती त्याच्याकडे जाते. तोही थोडा अडखळतो म्हणे. मी त्याला इतक्या वेळा बोलले, पण त्याला कधी बोलू दिलंच नसेल.

तिचं सांगून संपलं तेव्हा तोंडात एकच टाचणी उरली होती. ती मी उगीच धरून ठेवली. मग तिनं विचारलं, "वेगळ्या शाळेत जायचं का मला?" मी टाचणी काढली. म्हटलं, "तुला काय वाटतं?" हे शब्द आपल्या घरात आजवर मी कधी शिवले नव्हते, वेडेवाकडेच आले. ती म्हणाली, आणि हे म्हणायला तिला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, "मला माझ्याच वर्गात वाचायचंय. फक्त घड्याळ नको."

तेवढं तिला मंगळवारी तिथं बोलायचंय. वाचनाच्या बाईंसमोर, मुख्याध्यापकांसमोर. माझ्या तोंडून ते कितीही चांगलं निघालं तरी चालणार नाही.

मी विचारलं, "आणि मग मी कुठं गं ह्या हातावर?" लाज सोडून विचारलं. तिनं हात उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "बोटं संपली, आजी." मग जरा थांबून, "तू शाळेत ये. पण टाचण्या तोंडात घालून ये."

एवढी हसली! तुझ्या फोनवर हसते तशी. मलाही हसू आलं आणि रागही आला, कारण तरीही अंगठा तुझाच. मनातून गेलेलं नाही ते, उगीच मोठेपणा दाखवत नाही. चष्मेवालीला अजून सांगितलं नाही. तिला कशाला सांगायचं.

तर आता काय करायचं ते ऐक. हे पत्र मी लवकर पोचणाऱ्या टपालानं पाठवतेय, सोमवारी तुझ्या हातात पडेल. तुझा भाऊ फोनवर सांगेलच, पण मी अंगठ्यावरचं नाव बदललं होतं हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही, तेव्हा त्याच्याकडून तुला अर्धंच कळेल. मंगळवारी सकाळी साडेदहाला शाळेतून फोन येईल. खिशातल्या चिठ्ठीवर तुझा नंबर मी पुन्हा लिहिलाय, बॉबिननं तपासलाय. त्या वेळी छापखान्यात यंत्रं चालू असतील तर बाहेर ये. मी फाटकाजवळ बाकावर बसणार आहे, फाटकवाल्याशेजारी. आत जाणार नाही.

माझ्या पत्रांचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, मी पाठवत राहीन. पण मंगळवारचा तो फोन दुसऱ्या कुणी उचलायचा नाही. तुझ्या भावानं नाही, वहिनीनं नाही, मी तर नाहीच. तूच उचलायचास.

आई